जंगलाची जमा, कोळशाचे कर्ज

झाडे लावली की कोळशाच्या धुराची भरपाई होते, हा समज मंत्रालयापासून गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांपर्यंत सर्वत्र रुजला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जंगल, जमीन, समुद्र आणि वीजप्रकल्प यांचा एकत्रित हिशेब मांडला, तर हा समज किती तोकडा आहे ते ध्यानात येते. कार्बन क्रेडिटचा बाजार कोकणाच्या उंबरठ्यावर येत असताना हा हिशेब तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शास्त्री नदी अरबी समुद्राला मिळते त्या जयगडच्या परिसरात १,२०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार संच २०१० ते २०११ या काळात कार्यान्वित झाले. प्रकल्पाची आखणी आयात कोळशावर झाली असल्याने इंधन जहाजातून थेट किनाऱ्यावर उतरते. याच खाडीत आत शिरले की दोन्ही तीरांवर कांदळ, तिवर आणि चिप्पीची झाडे चिखलात पाय रोवून उभी दिसतात. वर सड्यावर हापूसची कलमे आहेत. चिमणीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि कलमाच्या पानात शिरणारा कार्बन डायऑक्साइड यांत रासायनिकदृष्ट्या काडीचाही फरक नाही. त्यामुळे एकाची वजाबाकी दुसऱ्यातून करावी, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि या दोन कार्बनच्या फिरण्याच्या गतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पानात शिरलेला कार्बन काही महिन्यांत किंवा फार तर काही दशकांत हवेत परत येतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे हवेच्या हिशेबाबाहेर होता. या दोन गती एकाच वहीत मांडल्यामुळेच आजचा सारा घोळ निर्माण झाला आहे.

दोन गतींचे चक्र

पृथ्वीवरील जमिनीवरच्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून उचलतात. त्यातील जवळपास सगळा कार्बन श्वसन, पालापाचोळ्याचे कुजणे आणि आगी यांमधून परत जातो. हे झाले जलद चक्र. दुसरे संथ चक्र खडक, गाळ आणि जीवाश्म इंधनांचे. त्यात कार्बन लक्षावधी वर्षे अडकून राहतो आणि फार थोड्या प्रमाणात ये-जा करतो. माणसाने कोळसा, तेल आणि वायू जाळून या संथ चक्रातून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन जलद चक्रात ओतण्यास सुरुवात केली आहे. १२० अब्जांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु १२० अब्जांची जेवढी जमा तेवढाच खर्च होता; या १० अब्जांना खर्चाची बाजूच नाही.

त्याचा परिणाम मोजमापातून दिसतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते. २०२४ ची तेथील सरासरी सुमारे ४२४ भाग आहे. उत्सर्जनापैकी साधारण निम्मा वायू हवेत साठतो आणि उरलेला जमीन व समुद्र मिळून शोषून घेतात.

अशी मोजणी कोकण किनाऱ्याच्या शेजारीही झाली आहे. दक्षिण गोव्यातील काब द राम येथे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या सहकार्याने १९९३ पासून हवेचे नमुने गोळा केले. पावसाळ्यात तेथे हिंदी महासागरावरून आलेली हवा मिळते, तर हिवाळ्यात उपखंडावरून वाहत आलेली. हिवाळ्यातील नमुन्यांत कार्बन डायऑक्साइड अधिक आढळतो. शेते, चुली, कारखाने आणि जंगले यांचा एकत्रित श्वास त्या बाटल्यांत बंद होतो, असे म्हणता येईल.

जांभ्याखालचा इतिहास

संथ चक्र म्हणजे काय, हे समजण्यासाठी रत्नागिरीकराला दूर जाण्याची गरज नाही. घराची भिंत ज्या चिऱ्याने बांधली आहे, तो चिराच या चक्राची निशाणी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखींतून लाव्हा वाहिला आणि त्याबरोबर प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. पुढे त्याच लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या बसाल्टवर लक्षावधी वर्षे पाऊस कोसळत राहिला. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनते. या आम्लाने खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेले. नद्यांवाटे ते बायकार्बोनेटच्या रूपाने समुद्रात गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. कोकणच्या सड्यांवरील लालसर, छिद्रमय जांभा हा असा धुऊन उरलेला खडक आहे. ज्वालामुखीने हवेत सोडलेल्या कार्बनचा काही अंश खडकानेच अशा प्रकारे परत खेचून घेतला.

समुद्रात पोचलेल्या कॅल्शियम आणि कार्बनपासून शिंपले तयार होतात. कालवे आणि तिसऱ्या यांची कवचे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भट्टीत भाजून चुना काढला जात असे. भट्टीत तोच कार्बन काही तासांत पुन्हा हवेत जाई. सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी भाजताना आज हेच घडते. फक्त प्रमाण अवाढव्य आहे.

जांभ्याच्या थराखाली आणखी एक पुरावा दडलेला आहे. रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याखाली काळसर चिकणमाती आणि लिग्नाइट झालेल्या लाकडाचे तुकडे आढळल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. भूवैज्ञानिक या थरांना ‘रत्नागिरी बेड्स’ म्हणून ओळखतात. एके काळी येथे उभ्या असलेल्या अरण्याची झाडे पाण्याखालच्या गाळात गाडली गेली, हवेशी त्यांचा संपर्क तुटला आणि कुजण्याची क्रिया अर्धवट थांबली. त्यांच्या देहातील कार्बन तेव्हापासून तेथेच आहे. कोळसा असाच बनतो. यातली ग्यानबाची मेख अशी की, जंगल कोळशात रूपांतरित होणे ही अत्यंत दुर्मिळ घटना आहे. वाढलेल्या शेकडो झाडांपैकी एखाद्याच्याच वाट्याला ती येते. बाकीची कुजतात, जळतात किंवा खाल्ली जातात.

एका जिल्ह्याचा ढोबळ हिशेब

आता आकड्यांकडे वळू. कोळशापासून वीजनिर्मिती करताना एका युनिटमागे सुमारे ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १,२०० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने एक तास चालला, तर १२ लाख युनिट वीज तयार होते आणि सुमारे १,१०० टन वायू हवेत जातो. क्षमतेचा ७० टक्के वापर गृहीत धरला, तर वर्षाचे उत्पादन सुमारे ७३५ कोटी युनिट आणि उत्सर्जन सुमारे ७० लाख टन होईल.

वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कार्बन असतो. म्हणजे एक टन सुके लाकूड तयार होताना झाडाने सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेतून घेतलेला असतो. त्या हिशेबाने ७० लाख टनांच्या भरपाईसाठी दरवर्षी सुमारे ३९ लाख टन सुके लाकूड नव्याने वाढले पाहिजे. वाढीच्या वयातील जंगलाने हेक्टरी वर्षाला पाच टन भर घातली, हे सढळ हाताने गृहीत धरले, तरी लागणारे क्षेत्र ७ लाख ८० हजार हेक्टर होते. रत्नागिरी जिल्ह्याचे एकूण क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, म्हणजे ८ लाख २० हजार हेक्टर आहे.

याचा अर्थ असा की, मंडणगडपासून राजापूरपर्यंतची घरे, शेते, बागा, रस्ते आणि कातळ हटवून सगळीकडे तरुण जंगल उभे केले, तरी ते जेमतेम एका वीजप्रकल्पाची भरपाई करील. आणि तेही कायमचे नव्हे. जंगल प्रौढ झाले की वाढ आणि कुजणे यांचा मेळ बसतो. साठा भरतो आणि नवी जमा जवळपास थांबते. चिमणीला मात्र दरवर्षी नवे जंगल लागेल. तीस-चाळीस वर्षांनी ते कोठून आणणार, या प्रश्नाला उत्तर नाही.

या हिशेबावरून एखाद्या प्रकल्पाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. त्याची वीज शहरांतील घरे, कारखाने आणि लोकल गाड्यांच्या व्यवस्थेला लागणाऱ्या सामायिक जाळ्यात जाते. वीज वापरणारा प्रत्येक नागरिक या कर्जाचा सहकर्जदार आहे. मुद्दा इतकाच की, कर्ज ज्या तिजोरीतून काढले, ती तिजोरी झाडांनी भरून निघत नाही.

जंगल तोडल्यावर काय होते?

मग जंगल राखण्याला अर्थ नाही काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जंगल कोळशाचे कर्ज फेडू शकत नाही. पण तोडले तर नवे कर्ज निश्चित उभे करते. रत्नागिरीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. जिल्ह्याचा सुमारे निम्मा भूभाग वृक्षाच्छादित असला, तरी त्यातील बहुतांश जमीन खासगी मालकीची आहे. वरकस जमिनीवरील ऐन, किंजळ, जांभूळ यांचे रान हा शेतकऱ्याच्या दृष्टीने अडीअडचणीचा पैसा असतो. मुलीचे लग्न, आजारपण, घराची दुरुस्ती अशा वेळी उभे जंगल ठेकेदाराला विकले जाते. लाकूड घाटावरच्या भट्ट्या, बॉयलर आणि वखारींकडे जाते. मालकाच्या हाती पडणारी रक्कम बहुतेक वेळा तुटपुंजी असते.

या झाडांच्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटतात, त्यामुळे काही वर्षांत डोंगर हिरवा दिसू लागतो. त्यावरून नुकसान भरून निघाले, असा समज होतो. येथे प्रवाह आणि साठा यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. नवे धुमारे वेगाने वाढतात, म्हणजे प्रवाह चांगला असतो. परंतु साठा जुन्या झाडांच्या जाड खोडांत, मुळांत आणि मातीत असतो. तोडीच्या दोन पाळ्यांतील अंतर कमी झाले की साठा कधीच पूर्वपदावर येत नाही. गावोगावच्या देवरहाटी पाहिल्या की हा फरक डोळ्यांना दिसतो. ग्रामदैवताच्या धाकाने शतकानुशतके राखलेल्या त्या रानात खोडे कवेत मावत नाहीत आणि पायाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो. शेजारच्या तोडीच्या रानात मनगटाएवढ्या काठ्यांची दाटी असते.

मातीचे महत्त्व तर याहून मोठे आहे. जगातील मातीत हवेपेक्षा आणि सर्व वनस्पतींपेक्षाही अधिक कार्बन आहे. देशावरील कोरडवाहू जमिनीच्या तुलनेत कोकणच्या जांभ्या जमिनीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण चांगले असते, कारण पाऊस आणि पाला दोन्ही मुबलक. मात्र उष्ण व दमट हवेत सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजते. वरून पाला पडणे थांबले आणि उतार उघडा पडला की, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस उरलेली माती खाडीत नेऊन टाकतो.

राब भाजण्याच्या पद्धतीकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. भाताच्या रोपांसाठी कवळ, पाचोळा आणि शेण पसरून वाफा भाजणे ही कोकणातील जुनी रीत. त्यातून निघणारा धूर जलद चक्रातला आहे. पुढच्या पावसात उगवणारे गवत त्यातील बराच कार्बन परत घेते. त्यामुळे राबाचा धूर आणि कोळशाचा धूर एकाच मापाने मोजणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे ठरेल. परंतु कवळासाठी झाडे वारंवार बोडकी केल्याने रानाचा साठा घटतो, हेही खरे. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारलेल्या चारसूत्री भातलागवडीत भाताचे अवशेष आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला शेतातच परत देण्यावर भर आहे. उत्पन्नवाढीसाठी आखलेली ही पद्धत मातीतील कर्बाच्या दृष्टीनेही हिताची आहे. सड्यावरच्या वणव्यांचे समर्थन मात्र कोणत्याही हिशेबाने होत नाही. गवताबरोबर कोवळी रोपे आणि आंबा-काजूच्या उभ्या बागा त्यात होरपळतात.

खाडी आणि समुद्र

कार्बन दीर्घकाळ बांधून ठेवण्याचे काम जिल्ह्यात कोणी करत असेल, तर ते खाड्यांच्या काठची कांदळवने. भरती-ओहोटीबरोबर येणारा गाळ त्यांच्या मुळांत अडकतो. पाण्याने भरलेल्या चिखलात प्राणवायू नसल्याने पाने आणि मुळे पूर्णपणे कुजत नाहीत. रत्नागिरी बेड्समधील अरण्याच्या बाबतीत जे घडले, त्याची ही पहिली पायरी म्हणता येईल. झाडापेक्षा त्याखालच्या चिखलात अधिक कार्बन असतो. म्हणूनच भराव टाकून कांदळवन नष्ट केले आणि दुसरीकडे तेवढीच रोपे लावली, तर कागदावर बरोबरी होते. चिखलातील शतकांची ठेव परत मिळत नाही. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या संरक्षणाबाबत कठोर आदेश दिले. भारावर खाडी बुजवण्याच्या मोहाला त्यामुळे कायद्याचा लगाम बसला आहे.

समुद्र सारे पोटात घेईल, या भरवशावरही राहता येत नाही. जगातील महासागर एकंदरीत मानवी उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा शोषून घेतात. परंतु कोकणच्या दारातला अरबी समुद्र त्याला अपवाद आहे. १९९० च्या दशकातील व्यापक समुद्री संशोधनात, ज्यात गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा सहभाग होता, हा समुद्र वर्षभराच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, असे दिसून आले. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरचे थंड, कार्बनयुक्त पाणी वर येते आणि त्यातील वायू हवेत निसटतो. शिवाय जगभरच्या समुद्रांनी शोषलेल्या वायूमुळे पृष्ठभागावरील पाण्याचा सामू सरासरी ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. आकड्यातील फरक लहान दिसला, तरी पाणी आम्लतेकडे झुकत जाणे हे कवचधारी जीवांना जाचक आहे. कालवे-तिसऱ्यांवर ज्यांची चूल अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा विषय पुस्तकी नाही.

क्रेडिटचा बाजार आणि दोन वह्या

या पार्श्वभूमीवर कार्बन क्रेडिटच्या व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. भरपाईच्या ज्या पहिल्या काही पद्धतींना २०२५ मध्ये मान्यता मिळाली, त्यांत खारफुटीच्या लागवडीचाही समावेश आहे. कोकणातील बागायतदार आणि जंगलमालकांना त्यातून उत्पन्न मिळण्याची आशा वाटणे साहजिक आहे, आणि ती गैरही नाही.

धोका आहे तो कराराच्या मुदतीत. कोळशातील कार्बन हवेत गेल्यावर त्याचा काही भाग हजारो वर्षे तेथे परिणाम करत राहतो. झाडातील कार्बन मात्र एका रात्रीत मोकळा होऊ शकतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा भुईसपाट केल्या. त्या झाडांवर कोणी क्रेडिट विकले असते, तर दुसऱ्या दिवशी त्यांचे मूल्य काय उरले असते? आणि जबाबदारी कोणावर आली असती. क्रेडिट घेणाऱ्या उद्योगावर की उन्मळलेल्या बागेच्या मालकावर? करारावर सही करण्यापूर्वी शेतकऱ्याने विचारावा असा हा पहिला प्रश्न आहे.

यातून मार्ग निघू शकतो, तो दोन वह्या वेगळ्या ठेवण्याचा. पहिल्या वहीत कोळसा, तेल आणि वायू. तेथील खर्च कमी करण्याचा उपाय म्हणजे जाळणेच कमी करणे. जिल्ह्याने या बाबतीत बरेच पर्याय जवळून पाहिले आहेत. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा वायूवर आधारित प्रकल्प एका युनिटमागे कोळशाच्या निम्म्याच्या आसपास वायू सोडतो, पण इंधनाच्या किमतीने तो वारंवार अडचणीत आला. जैतापूरचा प्रस्तावित अणुप्रकल्प कार्बनच्या वहीत हलका आहे. मात्र सुरक्षितता, खर्च, मासेमारी आणि विस्थापन यांची त्याची वही वेगळी आहे. सौर आणि पवन ऊर्जा, साठवणुकीची व्यवस्था आणि विजेची बचत यांनाच पहिल्या वहीत खऱ्या अर्थाने जमेचे स्थान आहे.

दुसऱ्या वहीत जंगल, माती आणि कांदळवने. तेथे उभे रान राखणाऱ्या मालकाला त्या राखण्याबद्दलच मोबदला मिळाला पाहिजे. दूरच्या एखाद्या चिमणीला परवाना म्हणून नव्हे. ठेकेदार देतो त्यापेक्षा थोडा अधिक आणि दरवर्षी हाती पडणारा पैसा मिळाला, तर ऐन-किंजळाला आणखी वीस वर्षे उभे राहू देणारे मालक गावोगाव भेटतील. उतारावरची माती टिकेल, विहिरींचे पाणी वैशाखापर्यंत पुरेल, खाड्या गाळाने भरण्याचा वेग मंदावेल. कार्बनची बचत हा त्यातला एक लाभ असेल, एकमेव नव्हे.

हे रान कोळशाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून राखायचे ठरले, तर हिशेब कधीच जुळणार नाही. वर केलेल्या गणिताप्रमाणे संपूर्ण जिल्हाही एका प्रकल्पाला जेमतेमच पुरतो, आणि तोही कायमचा नाही. जांभ्याला हा कार्बन परत घ्यायला लक्षावधी वर्षे लागली. तेवढी उसंत हापूसच्या मोहोराला नाही आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेल्या बागायतदारालाही नाही.